ग्रॅनडाची परात

मी मातीची परात बोलतेय. स्टीलची नाही हं! स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या कुंभारानं घडवलेली, पांढऱ्या अंगावर निळी-हिरवी पानं असलेली. माझी मालकीण एन्कार्ना; तिची आजी माझ्यात पावाची कणीक मळायची. पुढे लग्न होऊन एन्कार्ना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आली, ती मला मांडीवर घेऊनच.

मुलं मोठी होऊन पांगली, पाव दुकानातून येऊ लागला आणि मी फ्रीजवर चढले. माझ्यात काय, तर जुन्या किल्ल्या आणि संपलेल्या बॅटऱ्या! मेलं नशीबच माझं.

२००६ साली एन्कार्नाचं केअर होमला जायचं ठरलं. शेजारची श्यामला, मूळची पुण्याची, सामान आवरायला आली.

"आजी, ही चॅरिटी शॉपला देऊ?"

"नको. कणीक मळेल तिलाच द्यायची. तू घे ना."

"अहो, मी सगळं फूड प्रोसेसरमध्ये करते!" श्यामला ओशाळली. मग तिला खालच्या मजल्यावरची झोहरा आठवली. ती मोरोक्कोतल्या तेतुआनची, रोज घरी पाव भाजणारी. एन्कार्नाशी तिचं इतकी वर्षं जिन्यात नुसतं 'हॅलो' चालायचं.

झोहरा गरम पाव घेऊनच वर आली. मला बघताच म्हणाली, "अगंबाई, ही तर आमची परात!"

"तुमची कशी? माझ्या आजीची आहे ती!" एन्कार्ना भडकली.

झोहरा इतकी गांगरली की हातातला पाव खाली पडला. तिनं तो चटकन उचलला आणि त्याचा मुका घेतला.

एन्कार्ना बघतच राहिली. "पडलेल्या पावाचा मुका... माझी आजीही घ्यायची. तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या आजीनं. ती म्हणायची, आपले पूर्वज मुसलमान म्हणून शेकडो वर्षांपूर्वी ग्रॅनडाहून हाकलले गेले, म्हणून तेतुआनला आले. अशी परात होती तिच्याकडे."

"आणि आम्ही पडलेलं अन्न उचलून कपाळाला लावतो," श्यामला हळूच म्हणाली.

एन्कार्नाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं मला उचलून झोहराच्या हातात दिलं. "मग तुझीच की गं ही!"

आता दर शुक्रवारी झोहरा मला पिशवीत घालून केअर होमला नेते. एन्कार्नाला हल्ली नावं आठवत नाहीत. झोहरा मला तिच्या मांडीवर ठेवते आणि तिचे हात धरून कणीक मळते. किती बरं वाटतं म्हणून सांगू!

परवा मळता मळता एन्कार्नानं तिच्याकडे वर पाहिलं आणि हाक मारली, "आजी?"

झोहरानं तिचे हात हलकेच दाबले. मग म्हणाली, "काय गं बाळा?"

माझ्या काठाला तडा गेलाय. जाऊ दे. फक्त मला परत फ्रीजवर ठेवू नका.