लीकच्या वाफ्याची पैज

जानेवारीत घरातली सगळ्यात उबदार खोली कोणाला मिळावी, यावरून माझं आणि सासऱ्यांचं वाजलं. एका बाजूला माझी मेबल, नुकती रांगायला लागलेली. दुसऱ्या बाजूला लीकची रोपं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा माजलेला चुलतभाऊ. आमच्या खाणगावात कोळसा संपला, खाण बुजवली, पण सप्टेंबरातलं लीकचं प्रदर्शन काही बंद झालं नाही. सगळ्यात जाड जोडीला पहिला नंबर. त्यासाठी म्हातारे वर्षभर जगतात, काही जण तर मला वाटतं त्याचसाठी मरायचे थांबलेत.

"बाळाला स्वेटर घालता येतो, पोरी," सासरे कथबर्ट म्हणाले. "लीकला घालून दाखव."

माझा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. त्याने फोनवरून दोघांचीही बाजू घेतली आणि लाइन तुटली. शेवटी मेबल आणि लीक एकाच खोलीत झोपू लागली. रात्री मी बाळाचा श्वास ऐकायला जायचे, तर सासरे आधीच तिथे. बाळाकडे पाठ करून कुंड्यांवर वाकलेले.

सासूबाई सहा वर्षांपूर्वी डेलियाचे कंद पिशवीत घालून बहिणीकडे राहायला गेल्या, त्या गेल्याच. त्याबद्दल कथबर्ट एवढंच म्हणतात, "डेलिया चांगले होते."

एप्रिलमध्ये रोपं बाहेर वाफ्यात गेली. आमच्या बागेत दिवसभर ऊन पडतं ते नेमकं त्या वाफ्यावर. माझ्या वाट्याला भिंतीकडेची पट्टी. तिथे वालाला काळा मावा, आणि गोड वाटाण्याचे वेल ऊन शोधत शेजाऱ्याकडे निघून जायचे, तिकडेच फुलायचे. त्यात वाफ्याशेजारी लीकच्या खताचं पिंप. त्यात मेंढ्यांच्या लेंड्या, बिअर, आणि तिसरी एक गोष्ट, जी सासरे रोज सकाळी स्वतःच घालायचे. ती काय, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं आणि मी कॉफी ओतून दिली. मेबल चालायला शिकली ती थेट त्या पिंपाकडे. मी त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला, तरी मला चैन पडेना.

"तो वाफा मेबलला द्या," मी म्हणाले. "तिथे स्ट्रॉबेरी लावीन, वाटाणा लावीन, झोपाळा बांधीन. ते पिंप हलेल."

कुंपणापलीकडून हेडली हसला. हेडली म्हणजे शेजारी, लीक क्लबचा चिटणीस, आणि गेली काही वर्षं पहिल्या नंबराचा मालक. "देऊन टाक, कथबर्ट. नाहीतरी तू त्यात कांद्याची पातच लावतोस."

कथबर्ट लाल झाले. "यंदा मी पहिला आलो नाही तर वाफा मेबलचा. तू साक्षीदार."

म्हणजे आता मला सासऱ्यांचं हरणं हवं होतं. हे लिहायला बरं दिसत नाही, पण मी रोज सकाळी लीककडे बघायचे ते शत्रूच्या मुलाकडे बघावं तसं. आणि तो मुलगा दिवसेंदिवस बाळसं धरत होता.

ऑगस्टमध्ये कथबर्ट आपल्याच लीकचं कौतुक करत मागे मागे सरकले, वाफ्याच्या कडेच्या फळीला अडखळले आणि पडले. खुबा मोडला. स्ट्रेचरवरून त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता मेबलबद्दल काहीतरी बोलतील.

"दुपारी सावली कर," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी क्लबची माणसं घरोघरी जाऊन लीकच्या पानांवर शिक्का मारतात, म्हणजे नंतर कोणी बदलाबदली करू नये. शिक्का घेऊन हेडली आला.

"हे कोणाच्या नावावर लावायचं? कथबर्ट तर तिकडे दवाखान्यात पडलाय. नियम असा आहे, जो सांभाळतो त्याचं नाव. तू सभासद हो."

"मी?"

"नाहीतर बाद." त्याने मेबलच्या गालाला हात लावला. "एवढं काय घाबरतेस? तुझ्या हातून ती जगणार थोडीच आहेत."

मी सही केली. दवाखान्यात हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. तिथे कथबर्ट दुखण्याचं एक अक्षर काढायचे नाहीत, फक्त उलटतपासणी घ्यायचे.

"पानं कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

"कुठली हिरवी? गवताची की बाटलीची?"

"बाटलीची."

"हं." मग जरा वेळाने, छताकडे बघत, "हा वाण माझ्या बापाचा आहे. खाणीतून वर आला की तोंड धुवायच्या आधी तो लीककडे जायचा. वाफा गेला तर मी सकाळी उठून जायचं कुठे, सांग बरं."

मी त्यांची उशी नीट केली. मला वाफा हवाच होता.

तो आठवडा उकाड्याचा होता. माती तापली होती. मला आता सगळं माहीत झालं होतं, मी वाचलं होतं, पाहिलं होतं, रात्री जागून घोकलं होतं: तापलेल्या मातीत एकदम भरपूर पाणी ओतलं की लीक फुगतं आणि उभं चिरतं. चिरलं की बाद. एक झारी पुरे. कोणी काही म्हणालं नसतं. नवी पोर, लेकुरवाळी, घातलं जास्त पाणी.

मी झारी भरली. मेबलला कडेवर घेतलं आणि वाफ्यापाशी उभी राहिले. दोन्ही लीक माझ्या लेकीच्या मांडीएवढी झाली होती, तशीच पांढरी, तशाच वळ्या.

कुंपणावर हेडलीचं डोकं आलं. "घाल गं, घाल. चांगलं भरपूर घाल. किती सुकलीत बिचारी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो इतका प्रेमळ हसत होता की माझं डोकंच फिरलं. मला हरायचं होतं, ते माझ्या सोयीने. या माणसाने मला हरवायचं, आणि वर बिचारी म्हणायचं?

"वा, बरी आठवण केलीत," मी म्हणाले, आणि सगळं पाणी गोड वाटाण्याच्या मुळाशी ओतलं.

त्यानंतर मी लीकची आईच झाले. सावलीला बाळाची चादर. मातीत बाळाच्या आंघोळीचा थर्मामीटर. पहाटे गोगलगायी कापायला कात्री. काळजी करायचा मला नाद आहे, सगळे मला त्यावरून टोमणे मारतात. आता त्या नादाला पहिल्यांदाच योग्य जागा मिळाली होती. प्रदर्शनाच्या सकाळी मी दोन्ही लीक उपटली आणि मेबलच्या टबात, मेबलच्याच स्पंजाने, दुधाने न्हाऊमाखू घातली. मेबल बाहेर उभी राहून रडली.

कथबर्ट चाकाच्या खुर्चीतून प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आले. काळ्या कापडावर आमची जोडी, पुढे पहिल्या नंबराचं कार्ड. कार्डावर माझं नाव. हेडली दुसरा.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी सगळं सांगून टाकलं, सभासदत्वापासून.

"म्हणजे मी हरलो," ते म्हणाले. खालचा ओठ मेबलसारखा बाहेर आला. "शब्द म्हणजे शब्द. वाफा मेबलचा."

"मेबलचा म्हणजे सध्या माझा."

"तुझा."

"मग या दोघांतलं पुढच्या वर्षीच्या रोपांसाठी कुठलं ठेवायचं, ते मी ठरवणार. हे डावीकडचं."

ओठ आत गेला. "डावीकडचं? वेडी आहेस का? त्याचा बुंधा बघ, जरा तिरका आहे."

"पान रुंद आहे."

"पान काय खायचंय? उजवीकडचं ठेव."

"वाफा कोणाचा?"

 त्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवून डावीकडचं लीक बोटाने दाबून बघितलं, आणि मी त्यांचा हात बाजूला केला.

"आणि मेबलचा झोपाळा?" त्यांनी विचारलं.

"ती अजून नीट चालत नाही," मी म्हणाले. "पडली तर?"