वर म्हणजे व्हय

भालकीपासून तीन कोसांवरच्या गावात अमृतप्पाचं गुऱ्हाळ होतं. पंचेचाळिशीचा दणकट माणूस. निजामी अंमलातले दिवस. गावात डॉक्टर नव्हता, अंग दुखलं की लोक ग्यानबा न्हाव्याकडे जात. सोमवारी ग्यानबाने अमृतप्पाची दाढी केली, डोकं चोळलं आणि नेहमीसारखी मान दोन्हीकडे कडाकडा मोडली. डावीकडे जरा जोरातच मोडली गेली.

"जीव घेतोस का रे?" अमृतप्पा हसत म्हणाला.

दोन दिवस मान मागून ठणकत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याला उसाच्या रसाच्या एका कढईच्या दोन दिसायला लागल्या. भोवळ आली, भडाभडा उलटी झाली आणि तो कढईखालच्या चुलवणाशेजारी कोसळला.

जाग आली तेव्हा तो घरात बाजेवर होता. पायाच्या अंगठ्यावर बसलेली माशी कळत होती, पण अंगठा हलत नव्हता. बायकोला, पार्वतम्माला, हाक मारायला गेला तर जीभ दगडासारखी पडलेली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. त्या फटीतून त्याला फक्त आढं दिसत होतं.

"बेशुद्ध हाय," थोरला भाऊ जगदेवप्पा कुणाला तरी सांगत होता.

न्हाई रे अण्णा, मी हाय! अमृतप्पा आतून ओरडला. बाहेर ओठसुद्धा थरथरला नाही.

पुढचे चार दिवस त्याने तसेच काढले. कुणी काढा आणला, तोंडात ओतला. तो घशाखाली उतरण्याऐवजी श्वासात गेला, छाती घुसमटून फुटायला आली. खोकला आला तेवढाच. थांबा म्हणायची सोय नव्हती. लोक त्याच्या उशाशी बसून तो ऐकतच नाही असं धरून बोलत. पाचव्या दिवशी जगदेवप्पा म्हणाला, "स्वामींना सांगावा धाडा. मळ्यात खड्डा खणून ठेवा. उद्याचा दिस निघत न्हाई."

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे माणसाला बसवून पुरतात. अमृतप्पाला आपण मांडी घालून बसलोय आणि छातीपर्यंत माती आलीय असंच दिसायला लागलं. कपाळावर घाम फुटला. पार्वतम्माने तो पदराने पुसला आणि ताप असेल म्हणाली.

पाहुणे येणार म्हणून दुपारी ग्यानबाला त्याची दाढी करायला बोलावलं. साबण डोळ्यात गेला, म्हणून ग्यानबाने अंगठ्याने पापणी वर केली. बुबुळ सरळ वर गेलं, परत खाली आलं, ग्यानबावर थांबलं. ग्यानबाचा वस्तरा हवेतच राहिला.

"अप्पा, ऐकायलाव का? ऐकत असलाव तर वर बघा."

अमृतप्पाने वर बघितलं. ग्यानबा बाहेर धावला.

दुसऱ्या दिवशी जगदेवप्पा आगगाडीने बिदरहून डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली, पापण्या उचलून डोळे इकडेतिकडे फिरवायला सांगितले. बुबुळं डावी-उजवीकडे जाईनात, वर-खाली मात्र जात. मग त्यांनी ठरवून दिलं: वर म्हणजे होय, मिटले म्हणजे नाही.

"मानेतून शिरा मेंदूच्या मागल्या अंगाला जातात," ते पार्वतम्माला म्हणाले. "तिथं रक्ताची गाठ अडकलीय. अंगाला हुकूम पोचत नाही. पण डोकं शाबूत आहे, याला सगळं कळतंय. गाठ विरघळवणारं औषध माझ्यापाशी नाही. तोंडात थेंबही घालू नका. नाकातून नळी घालतो, तिच्यातून दूध द्या, आणि घटकेघटकेला कूस बदला."

पार्वतम्मा भिंतीला टेकली आणि पाच दिवसांत काय काय बोलून झालं ते आठवून तोंडावर पदर घेतला.

मग डॉक्टर अमृतप्पाकडे वळले. "आजाराआधी मानेला हिसका बसला होता का?"

अमृतप्पाचं डोकं उशाशी बसलेल्या ग्यानबाच्या हातांत होतं. ते हात गार पडत चालल्याचं अमृतप्पाला कळलं. जगदेवप्पा कोपऱ्यात उभा होता. वर बघायचा अवकाश, त्याने ग्यानबाला गावात राहू दिलं नसतं. आणि ग्यानबानेच तर खड्ड्यापासून वाचवलं होतं. अमृतप्पाने डोळे मिटले.



त्यानंतर ग्यानबा रोज येऊ लागला. पुसायचा, कूस बदलायचा, दाढी करायचा. पण त्याची बोटं मानेखाली गेली की अमृतप्पाला तो सोमवारचा हिसका आठवायचा. आपणच नाही म्हटलं होतं, आता कुणाला सांगणार?

लेक दानम्मा भालकीत चौथीपर्यंत मराठी शिकलेली. अप्पाला हिशेबापुरती अक्षरओळख होती, म्हणून तिने पाटीवर मुळाक्षरं लिहिली. एका हाताने पापणी उचलून ती एकेका अक्षरावर बोट ठेवी, हवं ते आलं की अप्पा वर बघे. पहिलाच निरोप जुळवायला अख्खी सकाळ गेली. ग्यानबा दाढीला साबण लावत होता, तेव्हा तिने वाचलं, "मान नको."

"उशी टोचायलीय का अप्पा?"

डोळे मिटले.

ग्यानबाने ब्रश खाली ठेवला. "पोरी, उशी न्हाई," तो म्हणाला. "त्या दिवशी मान मीच मोडली. अप्पाला ठावं व्हतं."

दानम्माने बापाकडे बघितलं. बाप वर आढ्याकडे बघत होता.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. पुढे मान उचलायचं काम तिनेच घेतलं, बाकी सगळं ग्यानबा करत राहिला. दिवाळीपर्यंत अमृतप्पाची करंगळी हलायला लागली. त्यापुढे काही हललं नाही. माघात छातीत कफ साठला, तेव्हाही डॉक्टर आले. निघताना त्यांनी विचारलं, "फार त्रास होतो का?"

अमृतप्पाने वर बघितलं, आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवेपर्यंत डोळे खाली आणले नाहीत.