एका माळेपुरती वीज

माझ्या वडिलांना, अप्पांना, मळ्यात समाधी दिली, त्यानंतर चार दिवसांनी बसवंतकाका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा गेला, पन खरं ते खरं. कारखान्याची वीज तो मोटारीला पाजत व्हता."

बैठक भेटायला आलेल्या माणसांनी भरली होती. मी आतल्या दाराशी उभी होते. बोलले अप्पांचे सख्खे धाकटे भाऊ, त्यामुळे त्यावर कोणी काही बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

मानवतच्या जिनिंग कारखान्यात डायनामो होता. मालकांनी आसपासच्या काही घरांना वीज दिली होती, पण दिव्यांपुरतीच. डायनामो लहान होता. कुणी जास्त ओढली की सगळ्यांचे दिवे मंद होत. आमच्या आणि काकांच्या घराला मिळून एक तार आणि एकच मीटर होता. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं आणि अप्पांची मोटार कित्येक महिने पडवीत उभी होती. उभ्या गाडीची बॅटरी मरते, म्हणून ते ती घरच्या विजेवर भरत. त्या हिवाळ्यात गल्लीतले दिवे संध्याकाळी लाल दिसू लागले. एवढी मोठी मोटार, ती कितीतरी वीज पीत असणार, असं काकांच्या मनानं घेतलं. बैठकीतून उठून ते कारखान्यात जाऊन तसं बोलून आले आणि मालकांनी आमच्या घराकडची तार तोडायला सांगितली.

तार गेली असती तरी कंदील होते. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्या गोष्टीत. कापसाच्या व्यापारात अप्पांच्या काट्यावर घातलेला माल कुणी दुसरीकडे पुन्हा तोलून पाहिला नव्हता. तो माणूस आता चोर ठरत होता, आणि बोलायला तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायनामोवरचे चंद्रभान पक्कड घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, "आधी मोजू या. मग तोडा."

"काय मोजायचं, बाई?"

"दिवा एकटा किती घेतो, आणि बॅटरी जोडल्यावर किती. दिव्याहून जास्त गेली तर मीच तुम्हाला शिडी धरते."

चंद्रभान हसले. काकांना हसू आलं नाही. "नांदेडला सासरी जाऊन लय शिकलीस की गं, नीलम्मा!"

पडवीत मोटारीशेजारी छताला एक मोठा दिवा टांगलेला होता. त्याच्याखाली बसून अप्पा संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत. मी तारेचा माग काढत गेले. बॅटरीला वेगळी तार नव्हतीच. दिव्यातून निघालेली तार बॅटरीत शिरत होती आणि तिथून परत भिंतीकडे जात होती. मी बटण बंद केलं, बॅटरी काढली आणि तारेची दोन टोकं एकमेकांना जोडली. आधी नुसता दिवा मोजायचा होता. दोन्ही घरांतले बाकीचे दिवे बंद केले.

मीटरच्या काचेआड एक चक्री फिरे. तिच्या कडेला काळी खूण होती. फेऱ्या मोजता येणार होत्या, पण किती वेळ मोजायच्या? घरातल्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता.

माझी आई, अव्वा, इतका वेळ उंबऱ्यावर बसून होती. ती म्हणाली, "एक माळ जप होईपर्यंत मोजा. मी करते."

"वैनी, तुमी नगा," काका म्हणाले. "दादासाठी घाई करताल."

"मग तुमी करा, भावजी. गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून करा."

आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, त्यामुळे जप कुणाचाच थांबलेला नव्हता. काकांचा जप तर मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आले होते. त्याची चाल कधी बदलत नसे. अप्पा म्हणत, बसवंताच्या जपावर दूध तापवावं.

काका बसले. एक हात छातीवरच्या लिंगावर ठेवला, दुसऱ्यात रुद्राक्षांची माळ घेतली. "नमः शिवाय, नमः शिवाय." माळ संपली तेव्हा सात फेऱ्या होऊन खूण पुन्हा काचेसमोर आली होती. चंद्रभानांनीही पाहिली.

मग मी बॅटरी जोडली. दिवा किंचित उतरला. काकांनी पुन्हा सुरुवात केली.

थोडा वेळ चाल तीच होती. मग ती लांबू लागली. प्रत्येक 'शिवाय' नंतर एक श्वास जास्त. माळ अर्ध्यावरही आली नव्हती आणि चक्रीची पाचवी फेरी सुरू झाली. चंद्रभान माझ्याकडे बघायला लागले. माळ लांबली की फेऱ्या जास्त भरणार, हे मला समजत होतं, पण लिंगावर हात ठेवलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मी काय म्हणणार होते? अव्वानं मान खाली घातली. मी मोजत राहिले.

काका मध्येच थांबले. त्यांनी माळ मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"हा जप झाला न्हाई," ते म्हणाले. "परत पहिल्यापासून धर, नीलम्मा."

या वेळी आवाज भिंतीपलीकडून यायचा तसाच होता. माळ संपली. सात फेऱ्या पुऱ्या व्हायला जरासं बाकी होतं.

"कमी?" चंद्रभान काचेला नाक लावून म्हणाले. "मोटार लावल्यावर कमी?"

मी सांगितलं, तार एकच आहे. दिव्यातून जी वीज जाते तीच बॅटरीतून जाते. वाटेत बॅटरी थोडी अडवते, म्हणून दिवा थोडा उतरतो आणि एकूण ओढ थोडी कमीच होते. अप्पा वाचायला दिवा लावत, त्यातच बॅटरी भरत होती.

"दादा हे कुनाला बोलला न्हाई," काका म्हणाले.

"तुमी इचारलं व्हतं का?" अव्वा म्हणाली.

चंद्रभान काकांना म्हणाले, "अण्णा, डायनामोचे ब्रश झिजलेत, हे मी मालकांना दिवाळीपासून सांगायलोय. दिवे त्याच्यानंच मंद व्हायलेत, असं मला वाटतं." त्यांनी पक्कड खिशात घातली. काका उठले, पागोटं घातलं आणि त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. जाताना अव्वानं त्यांना ताक प्यायला लावलं.

संध्याकाळी बैठकीत कालचीच माणसं होती. काका सगळ्यांच्या मध्ये बसले आणि घसा खाकरून बोलले, "काल मी बोललो ते चूक हाय. दादानं चोरी केली न्हाई. दिव्यातून सांडलेली वीज तो बॅटरीत धरत व्हता, ती कारखान्याच्या काय कामाची? मी सोता मोजलं."

दिव्यातून वीज सांडत नाही. मी दाराच्या आत होते, आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही.