थोरली, धाकटी आणि समिती

माझ्या नवऱ्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आणि चर्चच्या मंडळीच्या समितीला घाम फुटला. नवरा शिंपी आहे आणि त्याला दोन बायका. मी थोरली, कापड बेतते. धाकटी काजं-बटणं करते. तो मधे बसून मशीन चालवतो आणि दोघींचं ऐकल्यासारखं करतो.

समितीत तिघे होते: पाळक, औषधवाला आणि मास्तर. मास्तरांना पवित्र शास्त्र तोंडपाठ. दोन बायकांचा माणूस मंडळीत चालतो की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. गायकमंडळाचे बावीस झगे आमच्याकडे शिवायला होते, म्हणून बैठक दुकानातच भरायची, मापं देता देता.

"अब्राहामाचं काय?" औषधवाला हात वर करून म्हणाला. मी त्याच्या छातीला टेप लावली होती. "याकोबाला तर दोन सख्ख्या बहिणी. दावीदाच्या मोजायलाच नकोत."

"देवाने चालवून घेतलं, शाबासकी कुठे दिली?" मास्तर कडाडले. "मुळात घडवली ती एक पुरुष, एक स्त्री. आणि मंडळीचा अध्यक्ष एकाच बायकोचा नवरा असावा, हे स्वच्छ लिहिलंय."

"हा कुठे अध्यक्ष होतोय? झगे शिवतोय."

असे तीन रविवार गेले. याकोबाच्या घरात कोण कोणावर जळायचं, याची त्यांना खडान्‌खडा माहिती. आम्ही दोघी हाताच्या अंतरावर बसलेल्या, पण आम्हाला कुणी काही विचारलं नाही. चहा तेवढा मागितला.

खरं सांगायचं तर मी मनातून मास्तरांच्या बाजूची होते. अकरा वर्षं ही बया माझ्या उरावर बसली होती. माझी कापडाची कात्री न विचारता उचलायची, दोरे तोडायची, धार घालवायची आणि आपल्या डब्यात टाकून द्यायची. ही एकदाची जावो, असं मी रोज मनात म्हणायचे. आता ते फळाला येणार, अशी चिन्हं दिसत होती.

चौथ्या रविवारी निकाल लागला. पूर्वी चालत होतं, आता चालत नाही. पहिली तीच खरी बायको. दुसरीने वेगळं व्हावं, मग बाप्तिस्मा. "तिची काहीतरी सोय बघू," पाळक खाली बघत म्हणाले. त्यांनाही ते जड जात असावं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सुईत दोरा ओवत होता.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

धाकटी उठली. अंगुस्तान, सुया, रिळं तिने रुमालात बांधली. मग डब्यातून कात्री काढून माझ्यापुढे ठेवली. "ताई, ही तुमची."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने ती आपणहून परत केली. मला असा संताप आला की मी टेप फेकली.

"थांब गं," मी तिला म्हटलं आणि समितीकडे वळले. "सवत माझी आहे. हिला हाकलायचंच तर मी हाकलीन. अकरा वर्षांत मी हाकललं नाही, आणि तुम्ही चार रविवारांत हाकलता?"

"बाई, शास्त्रात..." मास्तर म्हणाले.

"शास्त्रात अब्राहामाच्या दुसरीला, हागारेला, वाळवंटात घालवलं, तेव्हा तिला पाणी दाखवायला देवाला दूत पाठवावा लागला. तुमच्यातला कोण जाणार आहे?"

तीन रविवार ऐकून मलाही थोडं पाठ झालं होतं. मी कात्री धाकटीच्या रुमालात टाकली, माझंही गाठोडं बांधलं आणि आम्ही दोघी मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिलो.

पुढच्या रविवारी गायकमंडळ बिनबटणांचे झगे एका हाताने आवळून धरून गायलं. बाप्तिस्मा लांबणीवर पडला. मास्तर म्हणाले, एकाच बायकोचा नवरा असावा असं लिहिलंय, आणि या गृहस्थाकडे तर एकही नाही.

सोमवारी नवरा बावीस झगे खांद्यावर टाकून आमच्या दारात आला.

"पाळक विचारतायत, काजं कधी होतील?"

"ते राहू द्या. तुम्हाला काय विचारायचंय?" मी म्हटलं.

त्याने झग्यांचा ढीग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. आता तरी दोघींपैकी एकीचं नाव घेईल, निदान घरी चला म्हणेल, असं मला वाटलं. त्या क्षणी तो काहीही बोलला असता तरी मी गेले असते.

"तुम्ही दोघी म्हणाल तसं," तो म्हणाला.

धाकटीने त्याच्या खांद्यावरून झगे उतरवून घेतले आणि दार लावलं. काजं तिने त्याच दुपारी करायला घेतली. दोरे माझ्याच कात्रीने तोडत होती आणि मी तिच्यापुढे पुढचा झगा सरकवला.