गल्याथाच्या खुणेच्या वर

मी मापाची काठी बोलतेय. काठी म्हटल्यावर लगेच पाठ चोळू नका, मी आजवर कुणाला मारलेलं नाही. माझं काम उभं राहायचं आणि खरं सांगायचं. स्वभावही तसाच सरळ. मी वाकले तर माझा उपयोग काय?

माझा जन्म एका दारातून झाला. चर्चमागच्या सभागृहाचं जुनं दार मोडीत निघालं तेव्हा सुतारबाबांनी चौकटीचं उभं लाकूड बाजूला काढलं. त्याला रंधा मारला, कडा घासल्या आणि त्यातून मी निघाले. त्या वेळी माझ्यापेक्षा उंच माणूस त्या वस्तीत नव्हता. माझ्या टोकावरून दुनिया बघताना मला फार बरं वाटायचं.

मला करवून घेतलं ते नाटकबाईंनी. त्या रविवारच्या शाळेच्या बाई. मनाने लोण्यासारख्या, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला म्हातारा उठून बसावा. दरवर्षी थंडीत त्या बायबलमधल्या गोष्टींचं नाटक बसवायच्या आणि दरवर्षी आयांची भांडणं व्हायची. माझाच मुलगा राजा का नाही, तिचीच मुलगी पुढे का. शेवटी बाई वैतागल्या. "आता उंची ठरवेल!" म्हणाल्या. "शास्त्रात उंच माणसं आहेत, ठेंगणी आहेत. ज्याला देवाने जे माप दिलं, त्याची ती भूमिका. माझ्याशी वाद घालायचा नाही, काठीशी घाला."

काठीशी कोण वाद घालणार! सुतारबाबांनी तापल्या सळईने माझ्यावर खुणा केल्या. खाली जक्कयाची. तो ठेंगणा होता, गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढला. वर शौल राजाची, जो सगळ्या लोकांत खांद्यापासून वर उठून दिसायचा. आणि टोकाशी गल्याथाची, त्या धिप्पाड योद्ध्याची, ज्याला दावीद नावाच्या मेंढपाळ पोराने गोफणीने पाडलं. मोठ्यांपैकी जो जिथे बसेल तो ते पात्र. दावीद तेवढा कुठलंही चुणचुणीत पोर चालायचं.

त्याच शास्त्रात देवाने संदेष्ट्याला बजावलंय की माणसाच्या उंचीकडे पाहू नकोस. पण माझ्यासमोर ते पान कधी उघडलं गेलं नाही.

सुतारबाबांना दोन लेकरं. बायको धाकट्याच्या जन्मानंतर लवकरच गेली. मोठी लेक दहा-अकरा वर्षांची असतानाच तिची उंची थांबली, ती कायमची. पुढे बाई झाली, बुटांच्या कारखान्यात कामाला लागली, घर सांभाळू लागली, पण माझ्यासमोर उभी राहिली की डोकं जक्कयाच्या खुणेलाच. मूर्ती लहान पण जीभ तिखट. दरवर्षी ती दाढी लावून जक्कय व्हायची आणि सभागृह डोक्यावर घ्यायची. धाकटा भाऊ अशक्त जन्मला, म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणायचे. आईमागे त्याला तिनेच, त्याच्या ताईने, वाढवलं. त्याला माझ्यासमोर उभं करताना तीच त्याचे खांदे धरायची. "टाचा खाली. लबाडी नको, काठीला कळतं."

पंधराव्या वर्षी त्याने तिला मागे टाकलं. मग बाबांना. मग शौलाची खूण गेली. एकोणिसाव्या वर्षी गल्याथाची खूण आली तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. तोवर घंटा वाजवणारे काका उंच टाचांचे बूट घालून गल्याथ व्हायचे, त्यांनी बूट काढले आणि बारक्याच्या हातात दिले. त्यात त्याच्या पायाचं एक बोटही शिरेना. सुतारबाबांना आभाळ ठेंगणं झालं.

"लेकीच्या वाटणीची उंचीही यानेच खाल्ली," घंटावाले काका म्हणाले. सगळे हसले. ताईही हसली. तिने ते आधीही ऐकलं होतं.

विशी गेली तरी पोरगा वाढतच होता. एका वर्षी त्याचं डोकं माझ्या टोकाच्या वर गेलं. माझा मान गेला म्हणायचा! बाबांनी दुसऱ्याच दिवशी लाकडाचा तुकडा आणला आणि माझ्या डोक्यावर जोड ठोकला. "आमच्या पोराला काठी पुरेना!" येईल त्याला सांगायचे. मला मात्र तो जोड टोचायचा. हाडाला हाड जुळत नाही तसं.

मी लोकांची मापं घेते, म्हणून मला वाढ कळते. मुलं वाढतात आणि थांबतात. हा थांबत नव्हता. ताई कारखान्यातून त्याच्यासाठी मुद्दाम बूट बनवून घ्यायची आणि नवे बूट हिवाळा संपेपर्यंत आखूड पडायचे. "विशीनंतर कुणाचे पाय वाढतात का रे, घोड्या?" ती म्हणायची. आईची अंगठी तो करंगळीत घालायचा, ती साबण लावूनही बसेना. हनुवटी पुढे आली, आवाज खोल गेला. "काय आवाज लागलाय!" नाटकबाई म्हणायच्या. "अस्सल गल्याथ!" तालमीच्या मध्येच तो कपाळ दाबून भिंतीला टेकायचा, तेव्हा बाई म्हणायच्या, "पाणी पी, बाळा, उन्हातून आलायस." बाहेर ऊन नसायचं.

कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांना इतकी वर्षं गल्याथ हवा होता आणि तो आयता घरात वाढत होता. त्याच्या अंगाला काय होतंय हे बघायला त्यांनी आधी त्याला बारक्या म्हणून बघायला हवं होतं.

मग तो धडकायला लागला. दाराच्या वरच्या पट्टीला नाही, तिथे तो सवयीने वाकायचा. बाजूच्या चौकटीला. गोदामात वरच्या फळ्यांवरचा माल काढायचं त्याचं काम, तिथेही शेजारून येणाऱ्या हातगाडीवर आदळला. लोक म्हणाले, अंग मोठं, अक्कल कुठवर पोचणार.

त्या वर्षीच्या तालमीत ताई त्याच्या उजव्या बाजूला पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तो वळला आणि सरळ तिच्या अंगावरून गेला. ताई पडली, पेला फुटला, हाताला काच लागली. पोरं खो खो हसली. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

तेवढं पुरलं. ताई उठली, ओढणी झटकली.

"काय झालं म्हणून विचारतोस? वर गेलास म्हणून खालची माणसं दिसत नाहीत होय रे आता?"

"ताई, खरंच नाही दिसलीस गं."

"कशी दिसणार! तुला मांडीवर घेऊन भरवायची, तेव्हा दिसायची. आता मोठा झालास. टाळ्या मिळाल्या की डोक्यात हवा जातेच."

"ताई, शपथ…"

"शपथ घालू नकोस. लोक हसले ते सोसलंय मी जन्मभर. तू हसायला नको होतंस."

तो हसला नव्हता. हसली ती पोरं, आणि ती पोरं त्याच्या बाजूला उभी होती. पण रागाला कान नसतात. आयुष्यभर जिला न बघता लोक पुढे गेले, तिला वाटलं, आता हाही त्यांच्यातलाच. तिने अबोला धरला. घरी ताट वाढायची, बूट पुसून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. तो तिच्यामागे घरभर फिरायचा आणि दर फेरीला कशाला तरी अडखळायचा. आदळआपट करतोय असं तिला वाटायचं.

नाटकाचा दिवस आला. सभागृह भरलं. मला कोपऱ्यात टेकवून ठेवलं होतं. जक्कयाचं झाड म्हणजे पाला बांधलेली शिडी, ती आधीपासूनच रंगमंचाच्या कडेला असायची. दाढी लावून चढायला वेळ लागतो म्हणून ताई गल्याथाच्या प्रवेशाआधीच वर जाऊन पाल्यात लपून बसली.

बारक्या आला. भाला आपटला, आरोळी दिली. पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं. दावीद झालेली पोर भांबावली आणि समोरून यायचं सोडून कडेने आली. तिने गोफण फिरवली, कापडाचा गोळा सुटला. बारक्या समोरच बघत होता. गोळा कानशिलावर बसला तेव्हा तो दचकला आणि तोल जाऊन धाडकन पडला.

काय टाळ्या! "याला म्हणतात नाटक!" घंटावाले काका ओरडले.

बारक्या पडला होता तिथेच हाताने जमीन चाचपत होता. भाला त्याच्या उजव्या कुशीला लागून होता. त्याचा हात भाल्याला न लागताच पुढे जाऊन रिकाम्या फळ्या चाचपत होता. खालून कुणाला ते दिसलं नाही. एकाच माणसाला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच ताई त्याच्यापेक्षा उंच जागी बसली होती.

मी तिला पाल्यातून बघताना पाहिलं. तिचा चेहरा दाढीमागेही पांढरा पडला. जक्कयाला अजून कुणी हाक मारलेली नव्हती. तरी ती उतरली, घाईत एक पायरी चुकली, पाल्याची फांदी घेऊनच खाली आली. लोक हसले. त्यांना वाटलं, ताई प्रवेश विसरली. नाटकबाई पडद्याआडून खुणा करत होत्या, "आत्ता नाही! आत्ता नाही!"

ताई भावाच्या उजव्या हाताशी जाऊन बसली. हात वर केला.

"बारक्या, माझी बोटं किती?"

त्याने मान हलवली नाही. हळूच म्हणाला, "ताई, तू कुठल्या बाजूला आहेस?"

दाढी ओढून काढत ती रडली, सगळ्यांसमोर. "खरं सांगत होतास रे. खरं सांगत होतास." टाळ्या थांबल्या. 

डॉक्टरांनी सांगितलं ते बाबांनी घरी येऊन सांगितलं. डोक्यात गाठ. तिनेच त्याला वाढवत नेलं, तिनेच दोन्ही बाजूंची नजर खाल्ली. समोरचं तेवढं दिसत होतं, बोळातून बघावं तसं. गाठ काढली, पण एवढ्या वाढीने हृदयावर आलेला ताण जायचा नव्हता. "एवढी वाढ कुणाच्या लक्षात कशी आली नाही?" डॉक्टरांनी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "आली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या."

उरलेला हिवाळा मात्र त्या दोघांचा होता. रस्त्याने जाताना ताई आता त्याच्या शेजारून चालायची नाही, समोरून चालायची, थोडी उलटी, म्हणजे त्याला दिसावी. दाराशी आली की म्हणायची, "वाक रे." तो वाकायचा. एकदा म्हणाला, "तू इतकी छान दिसतेस हे मला आधी कळलंच नव्हतं. आता तुझ्याशिवाय दुसरं काही दिसतच नाही ना!" तिने त्याच्या पोटात गुद्दा मारला.

तो झोपेतच गेला. सकाळी ताई उठवायला गेली तर पाय नेहमीसारखे खाटेबाहेर आले होते आणि थंड होते.

तयार पेटी त्याला पुरणार नव्हती. सुतारबाबा सभागृहात आले, कोपऱ्यातून मला उचललं. त्यांचा टेप खिशात होता, पण का कोण जाणे, त्यांना मीच हवी होते. इतकी वर्षं मी त्याला उभ्याने मोजलं. त्या दिवशी त्याच्या शेजारी आडवी झाले. जोडाच्याही टोकापर्यंत पोचला होता माझा बारक्या.

शास्त्रात ओग नावाच्या एका धिप्पाड राजाचा लोखंडी पलंग आहे. तो किती हात लांब, किती हात रुंद, सगळं लिहिलंय. त्याला झोप लागायची का, ते लिहिलेलं नाही. बाबांनी माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि तिथेच बसून राहिले.

ताई दारातून म्हणाली, "बाबा, वीतभर जास्त ठेवा. जन्मभर पाय आखडून झोपलाय."

बाबांनी वीतभर जास्त ठेवली.

पुढची थंडी आली तशा नाटकबाई घरी आल्या. खूप वाळल्या होत्या, आवाजही बसला होता. म्हणाल्या, "काठी लागेल गं यंदा." ताईने मला दिलं नाही. "पोरांना विचारा, बाई, कुणाला काय व्हायचंय ते. बारक्याला कुणी विचारलंच नाही. त्याला मेंढपाळ व्हायचं होतं."  जाताना बाईंनी माझ्यावरच्या खुणांवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. यंदाचा गल्याथ एक बुटकी मुलगी होती म्हणे, आणि फार गाजली.

मी आता ताईच्या स्वयंपाकघरात असते; मी न पाहिलेलं सगळं इथेच ऐकलं. वरच्या खिडकीची कडी बारक्या काढायचा, ती आता ताई माझ्या टोकाने काढते. जोड अजून माझ्या डोक्यावर आहे. बाबांनी तो उपटायला हात घातला होता, तिने अडवलं. आता तो मला टोचत नाही. तो गेला तर मीच अर्धवट होईन.

मी म्हातारी झाले, माझं एवढंच मागणं आहे. तुमची पोरं भिंतीला टेकवून खुशाल मोजा, टाळ्याही वाजवा. पण मग काठी बाजूला ठेवा, पोराच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे राहा आणि विचारा, मी तुला दिसतो का? आणि तो नाही म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

संध्याकाळी बाबा कामावरून येतात. दार वाजतं. चुलीकडे तोंड करून उभी असलेली ताई मागे न बघता म्हणते, "वाक रे." बाबा तिच्याहून थोडेच उंच, त्यांना वाकायची काही गरज नाही. तरी ते दारात थांबतात, वाकतात आणि मग आत येतात.