दादाचा हातभार

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनात एक स्टड गंजून रुतला होता. आट्यांचा तो बोटभर दांडा आठवडाभर धाकटीच्या मानगुटीवर बसला होता. तिने त्याला तेल पाजलं, भोवती ज्योत फिरवली, पान्याला लोंबकळली, पण पठ्ठ्या ढिम्म हलेना. दादा रोज दारात उभा राहून फुकटचे सल्ले द्यायचा, खिशातले हात मात्र बाहेर काढायचा नाही.

आज सकाळी स्टड कुरकुरला आणि चक्क अर्धा वेढा बाहेर फिरला. धाकटी आईला सांगायला आत धावली. परत येते तो काय, दादा पाना घेऊन घामाघूम!

"काय केलंस तू?"

"काय म्हणजे? सैल सोडून गेली होतीस. आवळून दिला." त्याने मूठ उघडली. तळहातावर स्टडचा तुटलेला तुकडा होता. "जुना माल, टिकतोय कुठे!"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे शहाण्या, तो काढायलाच तर आठवडाभर मरत होते मी!"

आतून आई कडाडली, "ओरडतेस काय त्याच्यावर? कधी नव्हे तो हात लावलाय त्याने कामाला!"