पपईचं मलम आणि घरचं उटणं

निवृत्तीनंतर मी पपईच्या एन्झाइमचं मलम तपासायला प्रयोगशाळेला माझी पाठ दिली. डॉक्टर ऋचाने पाठीवर मलमाची पट्टी चिकटवून बजावलं, “काका, दोन दिवस आंघोळ नाही.”

दुसऱ्याच दिवशी नरकचतुर्दशी! हे शास्त्रज्ञ कॅलेंडर बघतात की नाही?

“सणाच्या दिवशी पारोसे राहणार?” बायको कडाडली. तिने पट्टीवर प्लॅस्टिक चिकटवलं आणि उटण्याने माझी पाठ कढईसारखी घासली.

पट्टी काढताना ऋचा दचकलीच. सगळी पाठ लालभडक, फक्त पट्टीखालचा चौकोन ठणठणीत.

“मलमाने काहीच झालेलं नाही. पण बाकीच्या पाठीला काय लावलंत?”

“घरचं उटणं. एकदम नैसर्गिक, कुणालाही चालतं,” सोबत आलेली बायको अभिमानाने म्हणाली आणि पिशवीतून पुडी काढली. “तुमच्यासाठीही आणलंय.”